‘मला घाबरल्यासारखं होतंय’ हे पायलटपर्यंत कसं पोहोचतं?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात साठीपुढचं माणूस आहे आणि जे विमानाचं तिकीट काढायच्या विचारात आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

२५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. तळवली नाक्यावर तेव्हापासून दोनच विषय चालू आहेत, दि. बां.चं नाव आणि पोरांच्या नोकऱ्या. दोन्ही विषय हक्काचे. १९७० साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि विमानतळासाठी तर दहा गावं उठली. तेव्हा त्या धावपट्टीवर आपण बोलणार नाही तर कोण बोलणार? पण मला आज तिसरा विषय काढायचाय. या विमानतळामुळे आपल्या गावठाणातली म्हातारी माणसं पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. काशीला, वैष्णोदेवीला, कुणी दुबईला नातवाकडे. त्यातल्या कितीजणांना शुगर आहे, कितीजणांना बीपी, ते प्रत्येकाने आपापल्या घरात मोजावं. वर आकाशात त्यांना काही झालं, तर ते कुणाला काय सांगणार आणि ऐकणाऱ्याला काय कळणार?

आधी एक साधी गोष्ट. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते. पण ती जमिनीसारखी नसते. आतला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. म्हणजे २,४०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे आजीला खिडकीजवळ बसवून आपण तिला कळसूबाईपेक्षा उंच नेऊन ठेवलेलं असतं, तेही न चालता. धडधाकट माणसाला काही जाणवत नाही. ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच कुरकुरतंय, त्याला जाणवतं.

किती वेळा असं होतं? २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक मोठा अभ्यास आला. पाच विमान कंपन्या, जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१०, एकूण ११,९२० प्रकरणं. हिशेब निघाला तो ६०४ उड्डाणांमागे एक. सगळ्यात जास्त, ३७.४ टक्के प्रकरणं भोवळ येण्याची, मग श्वासाचा त्रास, मग उलटी-मळमळ. मृत्यू फार थोडे. विमान मध्येच दुसरीकडे उतरवावं लागलं ते ७.३ टक्के वेळा. आणि जवळजवळ निम्म्या वेळा प्रवाशांमध्येच एखादा डॉक्टर निघाला. आकडे घाबरवणारे नाहीत, हे आधीच सांगतो. पण मोठ्या विमानतळावरून दिवसाला शेकडो विमानं उडतात. तिथे ६०४ उड्डाणांमागे एक म्हणजे रोजचीच गोष्ट झाली.

आता इतिहास. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले तेव्हा त्या छोट्या विमानात रेडिओसुद्धा नव्हता. वर काही झालं तर खालच्याला ते उतरल्यावरच कळणार. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघाली. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानांत रेडिओ ऑफिसर नावाचा वेगळा माणूस बसायचा. त्याचं काम एवढंच, जमिनीशी बोलणं. पुढे रेडिओ सुधारले, तो माणूस गेला, बोलणं पायलटकडे आलं. अरबी समुद्रावर गेलात की साधा रेडिओ पोहोचत नाही, लांब पल्ल्याचा वापरावा लागतो आणि त्यात खरखर फार. मग उपग्रह आले, लिहून संदेश पाठवायची सोय आली. आज मधल्या समुद्रावरून पायलट हजारो किलोमीटरवरच्या डॉक्टरशी बोलू शकतो. अमेरिकेत १९८५ पासून असल्या सल्ल्याचा धंदाच उभा राहिलाय. जमिनीवर हॉस्पिटलात डॉक्टर फोनपाशी बसलेला असतो आणि विमान कंपन्या त्याला पैसे देतात.

म्हणजे विमान ते जमीन हा रस्ता बांधून झाला. राहिला तो सीट ते कॉकपिट हा रस्ता. फार तर तीस-चाळीस मीटरचा.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा रस्ता बरा होता. जगातली पहिली हवाई सुंदरी एलन चर्च, १५ मे १९३० ला कामावर चढली, ती नर्स होती. तिच्यासोबतच्या पहिल्या तुकडीतल्या सगळ्याच नर्स. कंपनीचा हेतू असा, की उडायला घाबरणाऱ्या लोकांना नर्स बघून धीर यावा. दुसरं महायुद्ध आलं, नर्स सैन्यात गेल्या आणि ती अट सुटली ती कायमचीच. आजच्या केबिन क्रूला प्रथमोपचार शिकवतात, छातीवर दाब कसा द्यायचा ते शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एकटी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी पन्नास माणसांना सांभाळते. पण ती नर्स नाही, आणि रुग्णाची भाषा तिला येईलच असंही नाही.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. माझी आत्या वाराणसीला निघाली होती. सकाळचं विमान, पहाटे तीनला घर सोडलं. शुगरची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, पोटात काही नाही, कारण ‘दर्शन झाल्याशिवाय खायचं नाही’. विमान वर गेल्यावर तिला दरदरून घाम सुटला. ती म्हणाली, “मना कसातरी होतंय, घाबरल्यासारखा वाटतं.” शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या गृहस्थांनी ते एअर होस्टेसला सांगितलं, ‘इनको डर लग रहा है.’ ती मुलगी चांगली होती. हसली, हात हातात घेतला, म्हणाली, डरिए मत, पहली बार है ना? पाणी दिलं. आणि गेली. तीन रांगा मागे लातूरची एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती. तिच्या कानावर ‘घाबरल्यासारखा’ हा शब्द पडला आणि ती उठून आली. पहिला प्रश्न, “मावशी, गोळी घेतली का? जेवलात का?” साखरेचं पाणी पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत आत्या माणसात आली.

मराठीत ‘मला घाबरतंय’ म्हणजे भीती वाटतेय असं नाही. छातीत धडधडतंय, जीव कासावीस झालाय, शुगर उतरलीय किंवा हृदयाचं काहीतरी चाललंय. आपल्याकडचा कुठलाही कंपाउंडर हे ऐकून आधी नाडी धरेल. दुसऱ्या भाषेत जाताना त्याची भीती झाली. असे शब्द आपल्याकडे ढीगभर आहेत. ‘पित्त झालंय’ म्हणत छातीतली जळजळ अंगावर काढणारी माणसं सगळ्यांनी बघितलीत, आणि त्यातल्या काहींचं पित्त हे पित्त नव्हतं हेही बघितलंय. ‘दम लागतो’ म्हणजे श्वास पुरत नाही, पण ‘दम धर’ म्हणजे थांब. ‘हाताला मुंग्या आल्यात’ याचं शब्दशः भाषांतर करून बघा. ‘कळ येते’, ‘चमक निघते’, ‘गोळा आलाय’ या तिन्हींना इंग्रजीत सरसकट पेन म्हणतात. डॉक्टरला यांतल्या फरकाने किती फरक पडतो, ते डॉक्टरला विचारा.

आता ही साखळी बघा. रुग्ण आगरीत बोलतो, शेजारी ते हिंदीत सांगतो, एअर होस्टेस ते इंटरकॉमवर इंग्रजीत पायलटला सांगते, पायलट रेडिओवर जमिनीला, तिथून ते डॉक्टरकडे. डॉक्टरचा प्रश्न त्याच वाटेने उलटा येतो. लहानपणी ओळीत बसून एकमेकांच्या कानात शब्द सांगायचा खेळ आठवतोय ना? पूर्वी विमानात डॉक्टर असला तर त्याला कॉकपिटमध्ये नेऊन थेट रेडिओवर बोलायला देता यायचं. सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचं दार पक्कं बंद झालं. ते बरोबरच झालं, पण साखळीतली एक कडी त्यामुळे वाढली. शिवाय केबिनमध्ये इंजिनाचा आवाज इतका, की स्टेथोस्कोपमधून छातीतलं नीट ऐकू येत नाही. डॉक्टरला रुग्णाच्या तोंडच्या शब्दांवरच जास्त विसंबावं लागतं. आणि तोच शब्द वाटेत बदललेला असतो.

भाषेमुळे विमानं पडलीत, हे जगाला माहीत आहे. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. सौदीचं आणि कझाकस्तानचं विमान हवेत आदळलं, ३४९ माणसं गेली. कझाक विमानातल्या लोकांचं इंग्रजी कच्चं असणं हे त्यामागच्या कारणांमध्ये मोजलं गेलं. त्याच्या सहा वर्षं आधी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं एक विमान इंधन संपून पडलं, ७३ मेले. इंधन संपत आल्याचं ते सांगत होते, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर नियम झाला. मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं हाताळणाऱ्या पायलट आणि कंट्रोलरना इंग्रजीची ठरावीक पातळी दाखवावी लागते, परीक्षा द्यावी लागते. म्हणजे पायलट आणि टॉवर यांच्यातला शब्द चुकू नये म्हणून जगाने परीक्षा लावली. रुग्ण आणि क्रू यांच्यातला शब्द चुकू नये म्हणून तशी कुठलीच व्यवस्था लावली नाही.

नुसती भाषा येऊनही भागत नाही, हेही खरं. जानेवारी १९९८ मध्ये ऑलिंपिक एअरवेजच्या विमानात एक डॉक्टरच प्रवासी होते, दम्याचे रुग्ण. तेव्हा विमानात सिगारेट ओढायला वेगळ्या रांगा असायच्या, आणि यांची सीट त्याच्या तीनच रांगा पुढे. बायकोने एअर होस्टेसला जागा बदलून मागितली. एकदा नाही, तीनदा. उत्तर मिळालं, विमान भरलंय. प्रत्यक्षात ११ सीट रिकाम्या होत्या. ते प्रवासातच वारले. खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये कोर्टाने सांगितलं, मदत नाकारणं हासुद्धा कायद्याच्या अर्थाने ‘अपघात’ आहे, कंपनी जबाबदार. इथे शब्द नीट पोहोचला होता. मोजला गेला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरबाई मदतीला उठल्या, तर त्यांना सांगण्यात आलं की आम्हाला ‘खरे’ डॉक्टर हवेत. त्यांनी फेसबुकवर लिहिलं, गदारोळ झाला आणि कंपनीने दोन महिन्यांत आपला नियम बदलला. (फेसबुकवर लिहून काय होतं, असं मला विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.)

आपल्याकडचं बघू. नोव्हेंबर २०२१, इंडिगोचं दिल्ली-मुंबई विमान. एका प्रवाशाला चक्कर आली आणि उठले कोण, तर केंद्रीय अर्थराज्यमंत्री डॉ. भागवत कराड. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, लहान मुलांचे सर्जन. फोटो देशभर फिरला, पंतप्रधानांनीही कौतुक केलं. कराडांचं कौतुक मलाही आहे, पण तो फोटो बघून मला आणखी एक वाटलं, की सगळा भरवसा नशिबावर आहे. बाजूला डॉक्टर निघाला तर निघाला.

२७ ऑगस्ट २०२३, विस्ताराचं बंगळुरू-दिल्ली विमान. एक लहानगी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, नाडी लागेना, ओठ निळे पडले. त्या विमानात दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर होते, परिषदेहून परतणारे. हाती होतं तेवढ्या सामानावर त्यांनी हृदय पुन्हा चालू केलं, पंचेचाळीस मिनिटं झुंज दिली, विमान नागपूरला उतरवलं आणि बाळाला बालरोगतज्ज्ञांच्या हाती दिलं. बाळ पुढे काही दिवसांनी नागपुरातच गेलं, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं नसतं, कारण पहिली बातमी जास्त फिरली. पण विमानातली ती पंचेचाळीस मिनिटं जशी चालली तशी का चालली? सांगणारे आणि ऐकणारे एकच भाषा बोलणारे होते, वैद्यकाची. कडी एकच होती.

नागपूर देशाच्या मध्यावर, त्यामुळे असली कितीतरी विमानं तिथे उतरतात. सीमेपलीकडेही उतरलीत. मार्च २०२१ मध्ये शारजा-लखनौ विमानातला प्रवासी अत्यवस्थ झाला, तेव्हा इंडिगोचं विमान कराचीला उतरलं. त्या माणसाला वाचवता आलं नाही, पण दार उघडलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. पुढच्याच महिन्यात गारपिटीत सापडलेल्या दिल्ली-श्रीनगर विमानाने लाहोरला विचारलं तर नकार आला. तिथे रेडिओ अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

मग यावर उपाय कुणी शोधलाच नाही का? शोधला, आणि तो आपल्या ओळखीच्या जागी आहे, समुद्रावर. आपल्या कोकणपट्टीतली किती घरं जहाजावरच्या नोकऱ्यांवर उभी राहिली. जहाजांसाठी ‘आंतरराष्ट्रीय संकेतावली’ नावाचं पुस्तक असतं. त्यात ‘एम’ अक्षराने सुरू होणारे संकेत खास आजारपणासाठी. दुखणं कुठे आहे, कसं आहे, ताप आहे का, प्रत्येकाला संकेत ठरलेला, आणि शरीराच्या भागांना नंबर दिलेले. जहाजावरचा माणूस आपल्या भाषेतल्या पुस्तकात बघून संकेत पाठवतो, किनाऱ्यावरचा डॉक्टर त्याच्या भाषेतल्या पुस्तकात बघून समजतो. मध्ये भाषांतर करणारा कुणी लागतच नाही. रोममध्ये तर १९३५ मध्ये खलाशांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र सुरू झालं, आणि त्याचे पहिले अध्यक्ष होते साक्षात मार्कोनी.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली गोष्ट तर याहून साधी. तिथे १९२८ मध्ये विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. दुसऱ्या वर्षी पायडल मारून चालणारा रेडिओ आला. शेकडो मैलांवरच्या शेतावरची बाई डॉक्टरशी बोलायला लागली, पण औषधांची नावं कुणाला उच्चारता येत नव्हती. १९४२ मध्ये प्रत्येक शेतावर एकसारखी औषधपेटी दिली, बाटल्यांवर नंबर. डॉक्टर म्हणायचा, अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या. पुढे माणसाच्या अंगाचं चित्र आलं, त्यावरही नंबर. कुठे दुखतंय? नंबर सांगा. झालं.

विमानात समोरच्या सीटच्या खिशात आधीच एक चित्रांचं कार्ड असतं, पट्टा कसा बांधायचा, मास्क कसा लावायचा. त्याच्या मागच्या बाजूला माणसाचं चित्र, नंबर आणि आठ-दहा त्रासांची चित्रं छापायला किती खर्च येईल? मी तरी ते कुठल्या विमानात बघितलेलं नाही.

काहीजण म्हणतील, त्यापेक्षा क्रूमध्ये मराठी मुलं-मुली घ्या. घ्याच. प्रकल्पग्रस्तांच्या पोरांना नोकऱ्या हा आपला हक्क आहेच, त्यात सुरक्षेचं हे कारणही जोडा, निवेदनात लिहा. पण त्याच विमानात बंगाली आजी बसली, तमिळ आजोबा बसले तर? त्यांची भाषा आपल्या पोरीला कुठून येणार? म्हणून मला चित्राचं कार्ड जास्त पटतं. डिसेंबर २०१८ मध्ये सुरेश प्रभू हवाई वाहतूक मंत्री असताना विमानतळांवर घोषणा आधी स्थानिक भाषेत करायचे आदेश निघाले होते. ते जमिनीपुरते होते. दार बंद झालं की पुन्हा हिंदी-इंग्रजी.

कार्ड येईल तेव्हा येईल. तोवर घरातल्या नातवंडांनी एक कागद करा. अर्धं पान, वर मराठीत, खाली इंग्रजीत. आजार कुठला, गोळ्या कुठल्या आणि किती वाजता, कुठल्या औषधाची ॲलर्जी, ऑपरेशन झालंय का, घरचा फोन नंबर. त्याखाली आजी जे शब्द खरोखर वापरते ते लिहा आणि समोर त्याचा अर्थ. ‘घाबरतंय’ म्हणजे पॅल्पिटेशन किंवा लो शुगर, भीती नव्हे. ‘दम लागतो’ म्हणजे ब्रेथलेस. ‘मुंग्या’ म्हणजे नम्बनेस. ‘डोळ्यांपुढे अंधारी’ म्हणजे आता पडेल, आडवं करा. शब्द तिच्या तोंडचेच घ्या, पुस्तकातले नकोत. आपल्या फॅमिली डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तो कागद वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ठेवू नका. ब्लाउजच्या नाहीतर सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या मागे.